‘ख्रिस्तपुराणा’तील पातक, अनुताप आणि क्षमा

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’विषयी मराठीत जे लिहिले गेले आहे, त्याचा फार मोठा भाग त्या ग्रंथाच्या भाषेविषयी आहे. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या एका इंग्रज जेझुइटाने आमची भाषा आत्मसात करावी, ओवीसारखा आमचा घरचा छंद इतक्या सहजतेने हाताळावा आणि मराठीची थोरवी मुक्तकंठाने गावी, याचे कौतुक आम्हां मराठी भाषकांस वाटावे हे स्वाभाविक आहे. मराठीच्या स्तुतीच्या त्या मोजक्या ओव्या क्रमिक पुस्तकांतून, व्याख्यानांतून आणि संमेलनांच्या भाषणांतून इतक्या वेळा फिरल्या आहेत, की हा ग्रंथ मराठीची आरती ओवाळण्यासाठीच लिहिला गेला असावा असा नवख्या वाचकाचा समज व्हावा. परंतु एकंदर दहा हजार नऊशे बासष्ट ओव्यांच्या ग्रंथात त्या स्तुतीला जागा किती? उरलेल्या सर्व ओव्या ज्या विषयासाठी खर्ची पडल्या त्याकडे आमच्या समीक्षेने पाठ फिरविली आहे. तो विषय म्हणजे मनुष्याचे पतन, त्या पतनातून त्याचे वळणे आणि त्याला मिळणारी क्षमा.

ही उपेक्षा केवळ आळसामुळे झाली असे आम्हांस वाटत नाही. तिच्या मुळाशी एक अढी आहे. ‘मनुष्यास जन्मतःच पापी ठरविणारा सिद्धांत आम्हांस मान्य नाही, आमचा धर्म मनुष्यास अमृताचा पुत्र मानतो’, हे वाक्य आमच्याकडील सुशिक्षितांच्या तोंडी सर्रास ऐकू येते. हे वाक्य उच्चारले की पुढे विचार करण्याचे कारण उरत नाही. मग ग्रंथाची भाषा तेवढी चवीने चाखावयाची आणि आशय धर्मप्रचार म्हणून बाजूस सारावयाचा. परंतु काव्याची अशी फोड करता येत नाही. ‘ख्रिस्तपुराणा’चा सारा घाटच या सिद्धांतातून निघाला आहे. तो सिद्धांत मानणे वा न मानणे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण तो समजून न घेता या ग्रंथाचा रसास्वाद घेता येईल असे आम्हांस वाटत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

ग्रंथाचा घाट

स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली निवर्तले. मधली चाळीस वर्षे त्यांनी बहुतांशी साष्टी प्रांतात काढली. त्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. पुढे १६४९ व १६५४ या वर्षी त्याच्या आवृत्त्या निघाल्या. १९०७ साली मंगळूर येथे सालढाणा यांनी तो पुन्हा रोमन लिपीत प्रसिद्ध केला आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा कोठे सामान्य मराठी वाचकाच्या हाती हा ग्रंथ त्याच्या ओळखीच्या लिपीत आला.

आज आपण याला ‘ख्रिस्तपुराण’ म्हणतो. पण त्याचे मूळ पोर्तुगीज नाव लक्षात घेण्याजोगे आहे. जगाच्या तारणाऱ्या येशू ख्रिस्ताच्या आगमनाविषयीचे प्रवचन, असा त्याचा अर्थ होतो. ‘आगमन’ हा शब्द येथे कळीचा आहे. जो येतो तो कशासाठी येतो, हे कळल्यावाचून त्याच्या येण्याला अर्थ नाही. म्हणून ग्रंथाचे दोन भाग पडतात. पहिल्या पुराणात, म्हणजे छत्तीस अवस्वरूंत आणि चार हजारांवर ओव्यांत, सृष्टीची उत्पत्ती, आदाम आणि एवा यांचे पतन आणि त्यानंतरची युगानुयुगांची वाट पाहणे सांगितले आहे. दुसऱ्या पुराणात एकोणसाठ अवस्वरू आहेत व त्यांत ख्रिस्तचरित्र आहे. पहिले पुराण हे निदान आणि दुसरे हा उपचार, असे म्हटले तरी चालेल. ज्यास रोग मान्यच नाही त्यास औषधाची गोष्ट कितीही गोड भाषेत सांगितली तरी तिचे प्रयोजन कळणार कसे?

मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य १६६७ साली प्रसिद्ध झाले. आमच्या पिढीतील कला शाखेच्या पदवीधरांनी आदामाच्या पतनाची कथा त्या काव्यातून, परीक्षेच्या धाकाने का होईना, वाचली. तीच कथा त्याच्याही आधी एक्कावन्न वर्षे मराठीत ओवीबद्ध होऊन छापली गेली होती, याचे भान मात्र आमच्यापैकी फार थोड्यांस होते. मिल्टन विद्वानांसाठी लिहीत होता. स्टीफन्स यांचा श्रोता निराळा होता. ग्रंथारंभी नवख्रिस्त्यांपैकी एक ब्राह्मण पाद्र्यास विनवितो की, आमची जुनी पुराणे तुम्ही सोडावयास लाविलीत, तर त्यांच्या जागी वाचावयास आम्हांस नवे पुराण द्या. या विनवणीत एका समाजाच्या हातून काढून घेतलेल्या ग्रंथांची पोकळी आहे. ती आम्ही पुढे पुन्हा विचारात घेणार आहोत.

पाप आणि पातक

प्रथम सिद्धांत काय आहे ते पाहू. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात निषिद्ध फळ खाल्ल्याची कथा आहे. पण त्या अध्यायात ‘पाप’ हा शब्दच येत नाही. तो प्रथम येतो चौथ्या अध्यायात, काइन आपल्या भावाचा वध करण्याच्या बेतात असताना. आदामाच्या कृत्यापासून सर्व मानवजातीचे पाप आणि मरण निघाले, असा दुवा जोडला तो संत पौलाने, रोमकरांस लिहिलेल्या पत्रात. त्यावरून पूर्ण सिद्धांत उभारला तो चौथ्या-पाचव्या शतकांतील संत ऑगस्टीन याने. त्याचा प्रतिपक्षी पेलागियस म्हणे की, आदामाचे पाप पुढच्या माणसांत उतरते ते अनुकरणाने; वाईट उदाहरण पाहून माणूस वाईट होतो, एरव्ही त्याचा स्वभाव निर्मळच असतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ साली याच्या विरुद्ध निर्णय दिला: ते पाप अनुकरणाने नव्हे, तर वंशपरंपरेने उतरते. स्टीफन्स हे त्याच परिषदेनंतरच्या पिढीतील जेझुइट; त्यांच्या पहिल्या पुराणामागे हा निर्णय उभा आहे.

ऑगस्टीनने हा सिद्धांत केवळ ग्रंथांवरून काढला नव्हता. आपल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनात त्याने सोळाव्या वर्षी केलेल्या एका चोरीची हकीकत दिली आहे. सवंगड्यांसह त्याने रात्री शेजारच्या झाडावरील नासपतीची फळे चोरली. भूक नव्हती, फळेही काही विशेष चांगली नव्हती, घरी त्याहून चांगली होती. बहुतेक फळे डुकरांपुढे टाकली गेली. मग चोरी केली कशासाठी? जे निषिद्ध ते करण्यात गोडी वाटली एवढ्याचसाठी, असे तो म्हणतो. ज्यांनी वर्षानुवर्षे मुलांच्या सहवासात घालविली आहेत त्यांस या हकीकतीत नवे काही वाटणार नाही. गरजेपोटी केलेला अपराध समजतो. पण कसलीही गरज नसता, कोणी शिकविले नसता, केवळ मोडण्याच्या आनंदासाठी काही मोडणारे मूल पाहिले की पेलागियसचे उत्तर अपुरे वाटू लागते. आदिपापाचा सिद्धांत हा या अनुभवाला दिलेला एक अर्थ आहे.

आता मराठी वाचकाची अडचण येथे सुरू होते, आणि ती पुष्कळशी शब्दांची आहे. मराठीत आदिपाप, मूळपाप, जन्मपाप असे तिन्ही शब्द चालतात. ‘आदिपाप’ म्हटले की काळाच्या आरंभी कोणी एकाने केलेले कृत्य डोळ्यांपुढे येते. ‘मूळपाप’ म्हटले की झाडाच्या फांद्यांस कीड लावणारे मूळ. आणि ‘जन्मपाप’ म्हटले की जन्मणे हेच पाप, असा विपरीत बोध होतो. तिन्हींत ‘पाप’ आहे, आणि आमच्या कर्मसिद्धांतानुसार पाप म्हणजे कर्त्याने स्वतः केलेले कर्म. संचित झाले तरी ते माझेच, मागल्या जन्मीचे का असेना. दुसऱ्याचे पाप मला लागावे हे त्या विचारात बसत नाही. साहजिकच ‘आदामाने फळ खाल्ले, त्याची शिक्षा मला का?’ असा प्रश्न आमचा वाचक विचारतो आणि त्याच्या शब्दार्थाच्या चौकटीत तो प्रश्न बिनतोडच असतो.

परंतु चर्चने स्वतःच या शब्दाचा अर्थ नेमका केला आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात असे स्पष्ट म्हटले आहे की, आदिपापास पाप म्हणावयाचे ते केवळ सादृश्याने. ते केलेले कृत्य नव्हे, तर जडलेली अवस्था आहे. आदामाच्या वंशजाकडे त्याबद्दलचा वैयक्तिक अपराध नाही. त्याच्या वाट्यास आली आहे ती मूळच्या पावित्र्याची उणीव आणि चुकीकडे कललेला स्वभाव. हे ध्यानी घेतले की शिक्षेच्या न्यायान्यायाचा प्रश्न मागे पडतो.

या दृष्टीने गोव्यातील ख्रिस्ती कोंकणीत पापासाठी रूढ असलेला ‘पातक’ हा शब्द आम्हांस अधिक समर्पक वाटतो. मराठीस तो परका नाही. ‘पत्’ म्हणजे पडणे; जे पाडते ते पातक; जो पडला तो पतित. ख्रिस्ती परंपरा ज्यास आदामाचे ‘पतन’ म्हणते त्याच्याशी या धातूचे सरळ नाते आहे. आणि ‘पतितपावन’ हे तर आमच्या संतांनी विठ्ठलास दिलेले बिरुद. नामदेव-तुकारामांचे अभंग ज्याच्या कानांवरून गेले आहेत त्याला माणसाच्या पडण्याची कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. इतकेच कशाला, पूजेच्या शेवटी प्रदक्षिणा घालताना आमच्या घराघरांतून जो संस्कृत श्लोक म्हटला जातो, त्यात भक्त स्वतःस पापरूप, पापकर्मी, पापात्मा आणि पापातून संभवलेला म्हणवितो. रोज सकाळी हे म्हणणाऱ्याने ‘आमच्यात मनुष्यास जन्मतः पापी मानीत नाहीत’ असे छातीठोकपणे सांगावे, हे थोडे विचित्रच आहे.

तरीही साम्यावर फार भर देणे योग्य होणार नाही. तुकारामाचा पतित एकटा पडलेला आहे. स्टीफन्स यांच्या ग्रंथात सारी मानवजात एकदम पडली आहे. एकाची कथा आत्मनिवेदन आहे, दुसऱ्याची वंशावळ. म्हणूनच स्टीफन्स यांनी अभंग न निवडता पुराण निवडले, आणि त्यांच्या साहित्यदृष्टीचे मर्म आम्हांस येथे दिसते. पुराण हे वंशानुचरिताचे माध्यम आहे. पूर्वजाच्या एका कृत्याची फळे पिढ्यानुपिढ्या भोगली जातात, शाप मिळतो आणि उःशापही मिळतो, हे पुराणाच्या श्रोत्यास समजावून सांगावे लागत नाही. जो सिद्धांत तर्काने मराठी मनास पटविणे कठीण, तो कथेच्या रूपाने त्या मनात शिरू शकतो, हे या इंग्रज पाद्र्याने ओळखले होते. नामाभिधानांतही त्यांची हीच युक्ती दिसते. वैकुंठ, मुक्ती, तारक हे शब्द त्यांनी निःसंकोच घेतले. जेथे अर्थाची गल्लत होण्याची भीती वाटली तेथे मात्र ‘स्पिरिता सांतु’सारखे परके शब्द तसेच ठेवले. पुढे पंडिता रमाबाईंनी बायबलचे भाषांतर करताना नेमका उलट मार्ग धरिला. हिंदू धर्मविचाराचा वास असलेले संस्कृत शब्द टाळून त्यांनी साधी बोली जवळ केली. दोन्ही मार्गांस आपापली किंमत मोजावी लागते. परंतु काव्य म्हणून स्टीफन्स यांचा मार्गच फलद्रूप झाला, असे आमचे मत आहे.

या सिद्धांताची एक बाजू मात्र आम्हांस कधीच पटली नाही, आणि तीही सांगितली पाहिजे. बाप्तिस्म्यावाचून मेलेल्या अर्भकांच्या गतीविषयी ऑगस्टीनने जो कठोर निष्कर्ष काढला, त्यापुढे कोणत्याही आईबापाचे मन बंड करून उठेल. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने आदामापासून मर्त्यता वारशाने येते, अपराध येत नाही, अशी भूमिका घेतली. कॅथलिक पंथातही २००७ साली आंतरराष्ट्रीय ईश्वरविद्या आयोगाच्या निबंधाने अशा अर्भकांच्या तारणाची आशा बाळगण्यास आधार आहे, असे प्रतिपादन केले. सोळा शतके तर्काने जे दार लावून ठेवले होते ते करुणेने अखेर किलकिले केले, असे म्हणावयास हरकत नाही.

ताप आणि वळण

पतनाकडून आता अनुतापाकडे वळू. येथेही मराठी शब्द आपल्याला थोडा चकवितो. ‘पश्चात्ताप’ म्हणजे नंतर होणारा ताप, मागाहून होणारी होरपळ. शुभवर्तमानांच्या ग्रीकमध्ये यासाठी जो मुख्य शब्द आहे, मेटानोइया, त्याचा अर्थ चित्तपालट. आणि ज्या यहुदी परंपरेतून ती कल्पना आली तेथील शब्द, तेशुवा, याचा अर्थ परतणे. ताप आणि परतणे या एकच गोष्टी नव्हेत.

हा भेद शुभवर्तमानातील दोन शिष्यांच्या कथेत जितका उघड होतो तितका अन्यत्र होत नाही. ख्रिस्ताचा घात ज्यूडासने केला आणि त्याला ओळखत नाही असे पेत्राने तीनदा सांगितले. दोघांसही ताप झाला. ज्यूडासचा ताप तर अधिक उग्र होता. त्याने अपराध कबूल केला, तीस रुप्यांची नाणी परत नेऊन टाकली आणि गळफास घेतला. केवळ शब्दार्थ पाहिला तर पश्चात्तापाची सारी अंगे त्याच्यात आहेत: कबुली आहे, परतफेड आहे, दुःख आहे. पेत्राने काय केले? तो बाहेर जाऊन रडला, एवढेच. आणि तरी परंपरा पेत्रास प्रेषितांचा अग्रणी म्हणते आणि ज्यूडासचे नाव शिवीसारखे वापरते. मत्तयाने ज्यूडासच्या तापासाठी मेटानोइयाहून वेगळा शब्द योजिला आहे, तो याचसाठी असावा. ज्यूडासचा ताप स्वतःच्याच ठिकाणी गोल फिरत राहिला. पेत्र मात्र ज्याच्यापासून दूर गेला होता त्याच्याकडे पुन्हा तोंड करून उभा राहिला. स्टीफन्स यांच्यानंतर थोड्याच वर्षांत, १६२९ साली, एतिएन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाने याच पेत्राच्या चरित्रावर मराठीत दुसरे विस्तीर्ण पुराण रचून छापविले. ख्रिस्तपुराणाची जेवढी ओळख मराठी वाचकास आहे तेवढीही त्याची नाही, हे खेदाचे आहे.

ट्रेंटच्या परिषदेने पश्चात्तापाच्या संस्कारात तीन अंगे सांगितली: मनस्ताप, पापकथन आणि परिमार्जन. आमच्या धर्मशास्त्राच्या अभ्यासकास ही यादी ओळखीची वाटेल. याज्ञवल्क्यस्मृतीचे तिसरे कांडच प्रायश्चित्ताचे आहे, आणि मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पाप कशाने सुटते हे सांगताना पापाचे ख्यापन, म्हणजे उघड कथन, आणि अनुताप यांची नावे तपाच्या बरोबरीने घेतली आहेत. मग भेद कोठे? प्रायश्चित्ताचा हिशेब पाप करणाऱ्याने पुरा करावयाचा असतो. कृच्छ्र, चांद्रायण झाले की खाते मिटले. ख्रिस्ती विचारात परिमार्जन आहे, पण त्याने खाते मिटत नाही. ते दुसऱ्या कोणी तरी मिटविले आहे, ही तेथील श्रद्धा आहे.

‘खाते’ हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. ख्रिस्ताने शिकविलेल्या प्रार्थनेच्या मत्तयाने दिलेल्या पाठात पापांऐवजी ‘ऋणे’ असाच शब्द आहे. आणि ‘मनुष्य ऋण घेऊनच जन्मतो’ हा विचार आमच्याकडे वैदिक काळापासून आहे. तैत्तिरीय संहितेने ऋषी, देव आणि पितर यांची तीन ऋणे सांगितली. ती आम्ही काढलेली नसतात, तरी जन्माबरोबर आमच्या माथी असतात, आणि ‘मी न घेतलेले कर्ज मी का फेडू?’ असे त्याबद्दल आजवर कोणी विचारले नाही. आदिपापाच्या कल्पनेजवळ आम्हांस नेणारा शब्द आमच्या परंपरेत शोधावयाचा झाला तर तो ‘पाप’ नसून ‘ऋण’ हा आहे, असे आम्हांस वाटते. भेद पुन्हा शेवटी उरतोच: आमची तीन ऋणे फेडता येतात, आदामाचे ऋण ऋणकोस फेडता येत नाही.

क्षमा कोण भोगतो?

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात तीन दृष्टांत ओळीने येतात: हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि हरवलेला मुलगा. मराठीत तिसऱ्या दृष्टांतास ‘उधळ्या पुत्राचा दृष्टांत’ म्हणतात, आणि त्यामुळे सारे लक्ष पुत्राकडे जाते. मेंढराने पश्चात्ताप केला नव्हता; नाणे तर निर्जीव. ती सापडली ती शोधणाऱ्यामुळे. तीच गोष्ट मुलाची. तो परततो तो आधी भुकेने. आणि वाटेत पाठ केलेले क्षमायाचनेचे भाषण तो पुरे करण्यापूर्वीच बाप अंगरखा आणि अंगठी मागवितो. बापाने मुलास दुरून पाहिले, याचा अर्थ तो वाटेकडे डोळे लावूनच बसला होता. थोरला भाऊ मात्र रागावून दाराबाहेर उभा राहतो, आणि तो आत गेला की नाही हे दृष्टांतकार सांगत नाही. न्यायाची मागणी करणारा तो भाऊ काही वाईट मनुष्य नाही. शिस्तीची जबाबदारी ज्यांच्यावर असते त्या सर्वांच्या मनात तो उभा असतो. ज्याने अपराध केला त्याला क्षमा केल्यास ज्यांनी केला नाही त्यांस काय सांगावे, हा प्रश्न शाळेत रोज पडतो, आणि दृष्टांतकाराने तो सोपा करून दाखविला नाही हेच त्याचे मोठेपण आहे.

संस्कृतात ‘क्षमा’ म्हणजे मुळात सहन करणे. पृथ्वीसही म्हणूनच क्षमा म्हणतात. गोव्यातील ख्रिस्ती कोंकणीत क्षमा करण्यास ‘भोगसणे’ म्हणतात. व्युत्पत्ती काहीही असो, मराठी कानास त्यात ‘भोगणे’ ऐकू येते आणि ते अर्थाच्या जवळचे आहे. क्षमा केल्याने नुकसान नाहीसे होत नाही. अपराध्याऐवजी ते क्षमा करणारा भोगतो. ख्रिस्ती श्रद्धेत क्रूसाचा अर्थ हाच आहे. याचे ख्रिस्तेतर उदाहरण हवे असेल तर गांधीजींच्या आत्मकथेत आहे. भावाच्या कड्यातील सोन्याचा तुकडा चोरल्याची कबुली पंधरा वर्षांच्या मोहनदासाने चिठ्ठीत लिहून आजारी वडिलांच्या हाती दिली. वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले, क्षणभर डोळे मिटले आणि चिठ्ठी फाडून टाकली. शिक्षा झाली नाही. पण काही भोगले गेले, आणि ते मुलाने पाहिले.

काव्य आणि काळ

येथवर आम्ही सिद्धांताची बाजू मांडली. आता ज्या भूमीत हे काव्य लिहिले गेले तिची बाजू मांडल्यावाचून लेख पुरा होणार नाही. ज्या साष्टीत स्टीफन्स यांनी हे पुराण रचले तेथील देवळे १५६७ साली पाडण्यात आली होती. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट आणि त्यांच्या सोबतचे काही लोक गावकऱ्यांच्या हातून मारले गेले. त्यानंतर गावच्या प्रमुखांस बोलणीसाठी असोळणे येथील किल्ल्यात बोलावून, कसलीही चौकशी न करता पोर्तुगीज सत्तेने त्यांना ठार केले. म्हणजे ज्या क्षमेचे प्रवचन या ओव्यांत आहे, ती क्षमा त्यांच्या राज्यकर्त्यांनी तेथील रहिवाशांस दाखविली नाही.

यावर ‘म्हणून हे काव्य ढोंगी आहे’ असे कोणी म्हणेल, आणि तसे म्हणण्याचा अधिकार कुंकळ्ळीकरांच्या वंशजांइतका दुसऱ्या कोणास नाही. आम्हांस मात्र वेगळे दिसते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात निर्दय दासाचा दृष्टांत आहे. राजाने ज्याचे दहा हजार तालंतांचे ऋण सोडून दिले, तोच दास बाहेर पडताच शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याची मानगूट धरतो. राजास हे कळते तेव्हा तो त्या दासास सोडीत नाही. असोळण्यात जे घडले त्यावरचा निवाडा बाहेरून आणण्याची गरज नाही. पोर्तुगीज सत्ता ज्या धर्मग्रंथाचे नाव घेत होती त्यातच तो लिहून ठेवला आहे. आदिपापाचा सिद्धांत खरा असेल तर तो सर्वांस सारखा लागू आहे. बाप्तिस्मा देणाराही पतित आणि घेणाराही पतित. विजेत्यांनी तो जितांपुरता वापरला हा त्यांचा अपराध. सिद्धांताने त्यांना तशी मुभा दिलेली नव्हती. ‘ख्रिस्तपुराण’ आज वाचताना हे दोन्ही एकदम ध्यानी ठेविले पाहिजे: ज्यांची पुराणे गेली त्यांची पोकळी, आणि ती भरण्यासाठी एका परदेशीयाने जीव ओतून त्यांच्याच भाषेत रचलेले हे पुराण.

सुमारे तीनशे वर्षांनी नारायण वामन टिळकांनी या आशयास दुसरे वळण दिले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीवर कोणाची सक्ती नव्हती. उलट त्यापायी त्यांना घरदार दुरावले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो अशी त्यांची भावना होती. त्यांच्या अभंगांत आदामाची वंशावळ मागे पडते, पतित पुन्हा एकटा होतो आणि ख्रिस्त माउलीच्या रूपाने भेटतो. आशयाच्या व्यापकतेत स्टीफन्स मोठे. आर्ततेत टिळक मोठे. आणि क्षमेची कथा पाहावयाची असेल तर लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. न सांगता धर्म बदललेल्या पतीबरोबर पुन्हा संसार मांडणारी ती बाई ‘क्षमा’ या शब्दाचा गाजावाजा कोठेही करीत नाही. आपल्या हालअपेष्टांवर हसत हसत ती जे भोगते, तीच तिची क्षमा.

मराठीच्या सीमेवरील आणि सीमेपलीकडील आमच्या या प्रदेशांत हिंदू आणि ख्रिस्ती मुले एकाच बाकावर बसून हीच भाषा शिकतात. त्यांना ‘ख्रिस्तपुराणा’तील मराठीच्या स्तुतीच्या ओव्या आम्ही शिकवितो आणि तेथेच थांबतो. ख्रिस्ती मुलास त्यातून कळते की आपल्या श्रद्धेचा ग्रंथ भाषेपुरता स्वीकारला गेला आहे. हिंदू मुलास कळते की शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयी विचार करण्याची आवश्यकता नाही. दोन्ही बोध चुकीचे आहेत. पहिल्या पुराणातील आदामाच्या पतनाचे अवस्वरू त्या स्तुतीच्या जोडीने अभ्यासास लावावेत, आणि शिक्षकाने पातक, ऋण, पश्चात्ताप आणि क्षमा या आपल्याच शब्दांचे अर्थ वर्गात उलगडून सांगावेत. त्यापुढे मान्य काय करावयाचे हे मुले मोठी झाल्यावर आपापले ठरवतील.